रुमाल कोण सोडणार?

मा. श्री. चंद्रकांत पाटील,
उच्च व तंत्रशिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि आम्हा कोथरूडकरांचे आमदार, यांस



आमच्या गल्लीतली एक जुनी सोसायटी एप्रिलअखेर रिकामी झाली. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. पुनर्विकासाची कोथरूडमध्ये आता कुणाला नवलाई राहिलेली नाही. शेवटच्या दिवशी रद्दीवाल्याचा टेम्पो फाटकाशी उभा होता आणि जिन्याखालच्या खोलीतून एक पत्र्याची ट्रंक बाहेर आली. आत सभांची इतिवृत्तं, सभासदांची नोंदवही, १९७०च्या दशकातल्या पावत्या आणि पाण्याच्या टाकीवरून झालेल्या भांडणाचा सहा वर्षांचा पत्रव्यवहार. ट्रंक काट्यावर चढणार तेवढ्यात समोरच्या इमारतीतली, इतिहासात बी. ए. करणारी एक मुलगी पुढे झाली. तिने रद्दीच्या भावाने ती विकत घेतली. घरी आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, म्हणून ट्रंक माझ्या बाल्कनीत आली.

दोन दिवसांनी मुलीने विचारलं, "मावशी, हे काम करणाऱ्याला काय म्हणतात? आणि त्यात शिरायचं कसं?"

मी सव्वीस वर्षं एका संस्थेच्या दप्तरात काढली, तेव्हा उत्तर मला यायलाच हवं होतं. दिलंही. पण देताना लक्षात आलं, की अर्धं उत्तर माझ्यापाशी आहे आणि अर्धं आपल्या खात्यापाशी. म्हणून हे पत्र. उघडं अशासाठी, की असं विचारणारी ती एकटी नाही. वर्षाला पाच-सात मुलं तरी माझ्या दारात येतात.

पहिल्याच प्रश्नाला मी अडखळले. इंग्रजीत सुटसुटीत 'आर्किव्हिस्ट' म्हणतात. आपलं शासन 'पुराभिलेख' म्हणतं, आणि तो शब्द नोकरीच्या अर्जात लिहिताना मुलं दोनदा खोडतात. आपल्याकडे चांगला धडधाकट शब्द होता, दप्तरदार. पेशवाई गेली, आणि दप्तर शाळेतल्या पोरांच्या पाठीवर जाऊन बसलं. नाव गेलं की पद जातं, पद गेलं की वाट बुजते. तिला मी फरक एवढाच सांगितला: संशोधक दप्तरात काहीतरी शोधायला येतो. दप्तरदाराला स्वतःला काही शोधायचं नसतं. उद्या कोण येईल, काय मागेल, याचा पत्ता नसताना मागितलेलं सापडेल असं ठेवायचं, हे त्याचं काम.

१८९८ साली दोन पुस्तकं निघाली. एक इथे: वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड, पानिपताच्या आधीच्या दशकातल्या पत्रांचा. दुसरं हॉलंडात: म्यूलर, फेथ आणि फ्रुइन या तीन दप्तरदारांनी लिहिलेलं, कागद कसे लावावेत याचं पुस्तक. राजवाड्यांनी घराघरांतून कागद मिळवले, वेचले, त्यांच्या तारखा लावल्या, छापले. त्या तिघा डचांचं म्हणणं असं, की ज्या कार्यालयाचे कागद त्यांचा एक गठ्ठा एकत्र ठेवा, दुसऱ्याच्या गठ्ठ्यात मिसळू नका, आणि त्या कार्यालयाने ज्या क्रमाने ते लावले होते तो क्रम मोडू नका. कारण एका कागदाचा अर्थ त्याच्या शेजारच्या कागदात असतो. राजवाडे नसते तर त्यातले कितीतरी कागद चुलीत गेले असते, हे मी पहिल्यांदा मान्य करते. पण महाराष्ट्राने राजवाड्यांचा वारसा घेतला तो वेचण्याचा आणि छापण्याचा. लावण्याचा आणि राखण्याचा वारसा आपण कधी घेतलाच नाही.

पेशवे दफ्तराचंच बघा. रियासतकार सरदेसाईंनी निवृत्तीनंतर, वयाच्या पासष्टीच्या आसपास ते काम अंगावर घेतलं आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आजही कुणी विचारलं तर मान ताठ करून आपण ते खंड दाखवतो. पण दफ्तरातल्या कागदांची संख्या काही कोटींच्या घरात आहे. ४५ खंडांत आले त्यांना नावगाव मिळालं, उरलेले कापडी रुमालांत बांधलेले आहेत. सरदेसायांच्या हाताखाली बसून मोडी वाचणारे मदतनीस होते. त्यांची नावं मला नीट सांगता येत नाहीत, याची मला लाज वाटते, आणि आपल्यालाही सांगता येणार नाहीत असं मी धरून चालते.

आता वाटेबद्दल.

पुण्यात ही वाट मोडीपासून सुरू होते. मुलं घाबरतात, उगाच. लिपी महिन्याभरात ओळखीची होते. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता खाली अक्षरं लोंबकळत लिहीत जायची, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळच नाही. खरी कसोटी लिपीनंतर लागते. कागदाच्या शेवटी 'सीत सबैन मया व अलफ' असं लिहिलेलं असतं. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झालं ११७६, आणि हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं. म्हणजे इसवी १७७५-७६. हे पहिल्यांदा स्वतः सोडवलं की मुलांच्या तोंडावर जे दिसतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही होतात. मंडळात आयुष्य घालवलेल्या ग. ह. खऱ्यांचं 'संशोधकाचा मित्र' हे पुस्तक जुन्या ग्रंथालयात मिळालं तर सोडू नकोस, असंही मी तिला सांगितलं.

पण नुसत्या मोडीवर पोट भरत नाही, हेही सांगितलं. या धंद्याचं रीतसर शिक्षण घ्यायचं तर दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्किव्हल स्टडीजमध्ये एक वर्षाची पदविका आहे. तिथेच कागदाची दुरुस्ती, अभिलेख व्यवस्थापन, प्रती काढण्याचं तंत्र असे काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रमही होतात. वर्षभर दिल्लीत राहणं ज्यांना परवडत नाही, त्यांनी निदान त्यातला एखादा करावा. सिनेमाची ओढ असेल तर मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५पासून फिल्म जतनाच्या कार्यशाळा घेते.

आणि कामाची ठिकाणं? पुण्यात बसून हा प्रश्न विचारणं म्हणजे नदीकाठी बसून पाणी कुठे मिळेल विचारण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेने आपलं दप्तर १९८१पासून पुण्यात ठेवलंय. टाटांचं मध्यवर्ती दप्तर मंगलदास रस्त्याला आहे. भांडारकर संस्थेत हस्तलिखितं आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रस्त्यावर आहे आणि त्याचा दुसरा परिसर तर आपल्या कोथरूडमध्येच आहे, ज्याच्या फाटकावरून रोज जाणाऱ्या निम्म्या लोकांना आत काय आहे ठाऊक नसतं. पलीकडे कर्वेनगरात महर्षी कर्व्यांनी उभ्या केलेल्या संस्थेला सव्वाशे वर्षं होऊन गेली, तिथल्या मुलींच्या नोंदवह्यांत अख्खा सामाजिक इतिहास असणार. मुंबईत स्त्रियांची कागदपत्रं आणि आठवणी १९८८पासून जमवणारी 'स्पॅरो' आहे, विक्रोळीला गोदरेजचं दप्तर आहे. बंगळुरूच्या एनसीबीएस या विज्ञानसंस्थेने २०१९ला सार्वजनिक दप्तर उघडलं, तिथे मुलांना उमेदवारीवर घेतात. या जागांपैकी कित्येक ठिकाणी मोडीचा एक कागद नाही. तिथे टाइप केलेल्या फायली आहेत, ध्वनिफिती आहेत, हार्ड डिस्का आहेत. जुन्या ॲसिटेट फिल्मचा डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ती कुजायला लागली हे नाकाने कळलं पाहिजे. संगणकावरची फाइल दहा वर्षांनी तीच आहे का, मधे एखादा ठिपका बदलला का, हे आकड्यांच्या ठशावरून ताडून बघता आलं पाहिजे. काजळाच्या शाईतला जुन्नरी कागद अडीचशे वर्षं टिकला. २००५ सालच्या सीडीबद्दल मी अशी हमी देणार नाही.

हे सगळं ऐकून मुलगी थोडी हिरमुसली. दिल्ली लांब, संस्था मोठ्या, आपण कोण? मग मी तिला बाल्कनीत नेलं. म्हटलं, ही ट्रंक तुझी पहिली परीक्षा. आधी काही लावू नकोस. जशी आहे तशी वरून एक, मधून एक छायाचित्र काढ. कुठून आली, कुणाची, कधी, हे तारखेसकट लिही. मग वरून खाली प्रत्येक फाइलला क्रमांक दे, पेन्सिलीने, कोपऱ्यात. गंजलेल्या टाचण्या काढ, पण टाचलेले कागद वेगळे होऊ देऊ नकोस. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी. लॅमिनेशन तर नाहीच, ते कागदाचं थडगं आहे. दुरुस्ती करायची तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ, जी उद्या कुणालाही पाणी लावून सोडवता येईल. मग यादी: शीर्षक, पहिली तारीख, शेवटची तारीख, किती पानं, कोणत्या स्थितीत, आणि कुणाच्या खासगी गोष्टी आत आहेत म्हणून इतक्यात उघडी करायची नाही. जगभरचे दप्तरदार यादीचा जो नमुना वापरतात तो आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने १९९४ला प्रसिद्ध केला. तो उतरवून घे आणि मराठीत भर. अशी चाळीस नोंदींची स्वच्छ यादी घेऊन तू कुठल्याही दप्तराच्या दारात गेलीस, तर जाणता माणूस प्रमाणपत्राआधी ती यादी बघेल. निदान मी तरी तेच करत असे.

तिला पी. के. नायरांची गोष्टही सांगितली. केरळातून सिनेमा काढायच्या इच्छेने आलेला तरुण. १९६१ला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन सहायक म्हणून लागला. १९६४ला चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, पुढच्या वर्षी तिथे सहायक अभिरक्षक झाला आणि १९९१ला संचालक म्हणून निवृत्त झाला, तोवर संग्रहात सुमारे १२,००० चित्रपट आले होते. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'ची जी रिळं आज उरली आहेत ती त्यांच्या चिकाटीने. मला त्यांच्या गोष्टीतला थोरपणा नको आहे, तो त्यांच्यावरच्या माहितीपटात आलेला आहे. मला त्यातलं ते 'सहायक' पद हवंय. पंचविशी-तिशीतल्या माणसाला आत घेणारी, पगार देणारी, चुका करू देणारी एक जागा होती. ती नसती तर नायर बहुधा सिनेमाच काढत बसले असते.

साहेब, अडतं ते नेमकं इथे. आज दप्तरात शिरणारं तरुण पोर शिरतं ते डिजिटायझेशनच्या कंत्राटावर. पानामागे इतके पैसे, दिवसाला इतकी पानं. रुमाल सोडायचा, स्कॅन मारायचं, पुन्हा बांधायचा. त्याला ना मोडी येते, ना क्रमाचं महत्त्व कुणी सांगितलेलं असतं. मी जिथे होते तिथेच असं एक कंत्राट आलं आणि गेलं. पाठीमागे राहिल्या हजारो प्रतिमा, ज्यांची नावं एकपासून पुढचे आकडे होती. कोणती प्रतिमा कुठल्या रुमालातली, हे शोधायला आम्हाला पुढे दोन वर्षं लागली. ज्या मुलांनी ते केलं त्यांचा दोष नव्हता. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकेपर्यंत कंत्राट संपलं.

आपल्याला याची निकड मी पटवून द्यायला हवी असं नाही. २०२३च्या शेवटाला कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठा आरक्षणाच्या मंत्रिमंडळ उपसमितीचे अध्यक्ष आपणच होतात. आरक्षणावर मला इथे काही म्हणायचं नाही. पण त्या महिन्यांत काय झालं ते आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिलंत. तहसील कचेऱ्यांतल्या खोल्या उघडल्या, कोतवाल बुकं आणि शाळांच्या प्रवेश-निर्गम वह्या बाहेर आल्या, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकच हाक, मोडी वाचणारा आणा! माझ्या ओळखीच्या, सत्तरी उलटलेल्या एका गृहस्थांना दोन जिल्ह्यांतून फोन होते. लाखो माणसांचे दाखले ज्या कागदांवर अवलंबून, ते वाचणारे हात निवृत्तिवेतनावर जगत होते.

कायदा आहे. केंद्राच्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयाने एक अभिलेख अधिकारी नेमायचा असतो, आणि नियम मोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राने २००५चा स्वतःचा कायदा केला. पण अभिलेख अधिकारी म्हणून ज्याच्या नावापुढे शिक्का बसतो, तो बहुधा दुसऱ्याच टेबलावरचा दमलेला माणूस असतो आणि बदली झाली की तेही विसरून जातो.

मी नवं विद्यापीठ मागत नाही. नवा विभाग, त्याची इमारत, तिचं उद्घाटन, यातलं काही नको. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एम. ए.च्या पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आपल्याच खात्याने आणलं. म्हणजे १२० तास. इतिहासाची, मराठीची मुलं ते कुठे करतात याची एकदा चौकशी करावी. शिकवणी वर्गात, एनजीओच्या कार्यालयात, ओळखीच्या काकांच्या दुकानात. त्यातली दहा मुलं दर वर्षी पुण्याच्या पुराभिलेखागारात, दहा मंडळात, दहा चित्रपट संग्रहालयात जावीत, एवढा करार विद्यापीठाला आणि संस्थांना करायला लावणं आपल्याला अवघड नाही. १२० तासांत दप्तरदार होत नाही. एक रुमाल सोडून, त्याची यादी करून, पुन्हा बांधण्याइतकं मात्र होतं. आणि मुलांबरोबर बसणाऱ्या जाणत्याला मानधन द्या. या शहरात मोडी फुकट शिकवणारे पुष्कळ होऊन गेले, म्हणून ती फुकटच मिळावी असं नाही.

दुसरं, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ला आली तेव्हा पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. त्यातल्या काही जागा दप्तरांना द्या, आणि मुदत काही महिन्यांची न ठेवता दोन वर्षांची ठेवा. या कामात पहिले सहा महिने माणूस फक्त चुका करतो. त्याच्या पुढे तो उपयोगाचा व्हायला लागतो, आणि नेमका तेव्हा आपण त्याला घरी पाठवतो. त्या दोन वर्षांनंतर पुराभिलेख खात्यातली रिकामी पदं भरा. हे खातं आपलं नाही, याची मला कल्पना आहे. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत आपण शेजारी बसता.

पानशेतचा पूर १२ जुलै १९६१चा, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. जानेवारी २००३मध्ये चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली, ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. कागदांवर संकट आलं त्या या तारखा आम्ही दप्तरातले लोक विसरत नाही. जिन्याखालच्या ट्रंका ज्या दिवशी टेम्पोत चढतात, त्या दिवसांची मात्र कुठे नोंद होत नाही. कोथरूडमध्ये सध्या असा दिवस बहुधा रोज असतो.

मुलीची यादी अठ्ठावन्न नोंदींपर्यंत आली आहे. पाण्याच्या टाकीचं भांडण १९७८ला मिटलं असं तिने शोधून काढलं, आणि मिटवणाऱ्या बाईंची सही इतिवृत्तात त्यानंतर एकदाही नाही, हेही. का, ते तिला हवंय. मी म्हटलं, ते संशोधकाचं काम, तू आधी उरलेल्या फायली मोज. दिल्लीचा अर्ज तिने आणून ठेवला आहे, घरून अजून होकार नाही. बापाचा प्रश्न एकच, पुढे नोकरी कुठे? त्यांना काय सांगू, ते आपण कळवावं.

जरा लवकर कळवलंत तर बरं. पावसात बाल्कनीत झड येते, म्हणून ट्रंक तूर्त माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली सरकवली आहे. आणि दिवाळीनंतर आमचीही सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे. करारावर सह्या झाल्या. आमच्या जिन्याखालीही एक खोली आहे, तिची किल्ली कुणाकडे आहे ते मी सध्या शोधते आहे.

कळावे,
आपली,
कोथरूडमधली एक मतदार